चारशे तेवीस बोअर, काडतुसं सात नग

“मावशी, ही सातच्या सात सारखी न्हाईत बरं का.”

सोमेश्वर हवालदार बोलला ते कोणाकडे न बघताच. पोलीस ठाण्याच्या आवारात, उंबराच्या सावलीत त्याने टेबल काढून घेतलं होतं. वर जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर रतनबाईच्या वडिलांची काडतुसं रांगेत उभी केली होती. सोमेश्वर पोलिसांचा आर्मोरर, म्हणजे हत्यारं तपासणारा, दुरुस्त करणारा माणूस. तालुक्यातली जुनी परवान्याची हत्यारं बघायला तो पुण्याहून आला होता आणि सकाळपासून खुशीत होता. असला माल रोज थोडाच हाताला लागतो?

रतनबाईच्या आधी आंबवड्याकडच्या एका घरातलं रिव्हॉल्व्हर आलं होतं. सहा घरांचं, मधोमध मोडून उघडायचं, खलबत्त्यातल्या बत्त्यापेक्षा जड. सोमेश्वरने ते आवारातल्या सगळ्यांना दाखवलं होतं. “चारशे पंचावन्न. म्हंजे काय? एका इंचाचे हजार भाग करा. त्यातले चारशे पंचावन्न भाग एवढी जाड गोळी. करवंद बघितलंय ना? तसलं. पण शिशाचं.” मग रतनबाईने गोधडीतून रायफल बाहेर काढली आणि तो खुर्चीवरून उठलाच. “अगायाया! चारशे तेवीस. ही बाई आता बघायला मिळत न्हाई. हिची काडतुसं तर आता शोधून सापडायची न्हाईत.”

आणि आता ती काडतुसं मोजता मोजता तो थांबला होता.

“सारखी न्हाईत म्हंजे?” रतनबाईने विचारलं.

“आत्या, तू बस गं.” इंद्रजित मध्ये पडला. हा तिच्या भावाचा मुलगा. फाटकाबाहेर त्याचा टेम्पो उभा होता. “सायेब, सात नग लिवा आन् कागद द्या. परवान्यावर सातच हायत.”

“लिवतो की. तुजा टेम्पो काय दावं तोडून पळतोय व्हय?”

सोमेश्वरने एक काडतूस उचललं आणि उलटं करून रतनबाईसमोर धरलं. पितळी पुंगळीच्या बुडाशी मधोमध एक गोल चकती होती.

“हिला टोपी म्हनत्यात. चाप वढला की बंदुकीतली पिन हितं आपटती. टोपी पेटती, मग आतली दारू पेटती, मग गोळी जाती. ह्या सहांच्या टोप्या बघा. गुळगुळीत. आन् ही बघा.”

रतनबाईने चष्मा वर ढकलला. सातव्या टोपीच्या बरोबर मध्यावर एक खड्डा होता. नाचणीच्या दाण्याएवढा.

“हे उडालं न्हाई,” सोमेश्वर म्हणाला, “पन उडवलं व्हतं कुनीतरी. चाप वढल्याबिगर हा ठसा बसत न्हाई.”

रतनबाईने हात मागे नेऊन खुर्ची चाचपली आणि मग बसली.

*

गाव सांगतं ते असं.

अडुसष्ट साल. दसरा होऊन आठवडा झालेला. भात पिवळं पडलं होतं आणि डुकरं रात्री येऊन खाचरंच्या खाचरं लोळवत होती. गावाने हाका घालायचं, म्हणजे रानातून डुकरं उठवून बंदुकीसमोर आणायचं ठरवलं. आसपासच्या पाच गावांत रायफल एकच, भिमाकडची. भिमाचा बाप एका मानकऱ्याच्या शिकारीत काडतुसांची पेटी वाहायचा. संस्थान गेलं, शिकारी संपल्या, तेव्हा मानकऱ्याने जाता जाता रायफल त्याच्या हातात दिली, पीकरक्षणाचा परवाना काढून दिला. बापामागे ती भिमाकडे आली. भिमाचा नेम चांगला होता. हे गाव आजही कबूल करतं, कारण त्यावाचून पुढच्या गोष्टीला चव येत नाही.

हाकाऱ्यांत वरच्या धनगरवाड्यावरचा ज्ञानू होता. वीस वर्षांचा, लग्न ठरलेला. डबे वाजवत, ओरडत माणसं कारवीतून खाली यायला लागली. डुक्कर उठलं ते खाली पळायच्या ऐवजी वळून ज्ञानूवर गेलं. भिमा वीस पावलांवर, रायफल खांद्याला लावून. कारवी दाट, कोणाला कोणी दिसत नव्हतं. सगळे आवाजाची वाट बघत राहिले.

आवाज आला नाही.

डुकराने मांडी उभी फाडली. घोंगड्याची झोळी करून खाली आणेपर्यंत ज्ञानू गेला.

तेव्हापासून आमच्याकडे ‘भिमाचा चाप’ म्हणतात. पोरांच्या क्रिकेटमध्ये एखाद्याने सोपा झेल सोडला तर, “काय रं, भिमाचा चाप काय?” मुलगी बघायला आलेला पोरगा तोंड उघडेना, तर त्याच्या मित्रांत तेच. म्हणणाऱ्या निम्म्या पोरांना भिमा कोण हे माहीत नसतं. त्यांच्यापैकी काहींनी तर भिमातात्यांच्या ओसरीवर बसून चहा प्यायलाय.

*

आबा, म्हणजे रतनबाईचे वडील भिमा, सांगायचे ते असं.

“हात कापला.”

म्हणजे थरथरला, चाप ओढला गेला नाही. संपलं. पंचांपुढे एवढंच, पोलिसांपुढे एवढंच, ज्ञानूची आई सोजराबाई दारात येऊन छाती बडवत उभी राहिली तेव्हाही एवढंच.

रतन एकोणीस वर्षांची झाली. एक स्थळ आलं, सुपारी फुटायची वेळ आली, तेवढ्यात मुलाच्या चुलत्याने विचारलं, “भिमा म्हंजे त्यो चापाचा भिमा का?” पाहुणे चहा घेऊन गेले ते गेलेच. संध्याकाळी आबा गोठ्यात धार काढत होते. रतन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “तुमी त्या दिशी मर्दावानी चाप वढला असता, तर त्यो बी जगला असता आन् म्या बी.”

आबांनी मान वर केली नाही. दुधाची धार मोडली नाही.

“व्हय बाय,” ते म्हणाले. “चुकलंच माजं.”

पुढे तिचं लग्न झालं. कामथडीचा बिजवर, त्याची दोन मुलं. भाकरी थापण्यात, त्या मुलांना मोठं करण्यात तीस-बत्तीस वर्षं गेली. नवरा वारला, मुलं आपापल्या संसाराला लागली, तेव्हा ती म्हाताऱ्या बापाकडे परत आली. अकरा वर्षं दोघं एका घरात राहिली. भाजी आळणी झाली, गुडघा दुखतोय, टीव्ही बारीक कर, सगळं बोलली. त्या दिवसाबद्दल एकदाही नाही. रायफल खुंटीला होती. निवडणूक लागली की आबा ती गोधडीत गुंडाळायचे, काडतुसांचा डबा पिशवीत घालायचे आणि यष्टीने ठाण्यात जमा करून यायचे. निवडणूक झाली की परत आणायचे. छप्पन वर्षांत त्यांनी ती एकदाही उडवली नाही.

“देऊन टाका की सरकारला. कशाला हे लोढणं?” रतनबाई म्हणायची.

“माज्या माघारी द्या,” आबा म्हणायचे.

गेल्या ज्येष्ठात ते गेले. ब्याण्णव वर्षांचे होते. म्हणून तर ती आज उंबराखाली बसली होती.

*

“सायेब, मग त्ये उडालं का न्हाई?”

सोमेश्वरने काडतूस नाकाशी नेलं, मग टोपीच्या कडेने नख फिरवलं. नखाला हिरवट, मेणासारखं काहीतरी लागलं.

“ह्ये बघा. तेल शिरलंय. कुनी शान्यानं काडतुसाला तेल लावलं व्हतं का? नळीला तेल लावा, बोल्टला लावा, पन काडतुसाला तेलाचं बोट लावायचं न्हाई. आमाला पहिल्या दिशी शिकवत्यात. टोपीच्या फटीतनं हळूहळू आत जातं आन् मसाला मारून टाकतं. कदी उडंल, कदी न्हाई.” तो हसला. “खेड्यात लोकं दसऱ्याला करत्यात असलं. पूजेत चमकाय पायजे ना!”

इंद्रजितही हसला. रतनबाई टेबलावरच्या तेवढ्या एका काडतुसाकडे बघत होती.

“त्यांनी त्ये टाकून का न्हाई दिलं?” तिने विचारलं. “एवढी वर्सं?”

“टाकनार कसं? मोजून असत्यात. सातातलं एक कमी भरलं तर हितं जाब द्यावा लागतो.”

*

रतनने केलं ते असं. हे आजवर कोणी सांगितलं नाही, कारण कोणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरोघरी आयुधं घासायला निघायची. विळे, कोयते, नांगराचा फाळ, कुऱ्हाड. आळीतल्या सगळ्या मुलींच्या वाट्याला लोखंड यायचं. फक्त रतनच्या वाट्याला पितळ. नऊ वर्षांची होती. तिने सात काडतुसं चिंचेने घासली, राखेने पुसली, फडक्याने चोळली. ती अशी झळाळली की तिला ठेववेनात. रात्रीतून पुन्हा काळपटली तर? समईला तेल असतं म्हणून समई झळकते, असा तिने विचार केला. ताटात बोटभर गोडंतेल ओतलं आणि त्यात सातही काडतुसं बुडावर उभी करून ठेवली. रात्रभर.

सकाळी हळद-कुंकू लागलं, झेंडू वाहिला. रतनने सगळी आळी बोलावून आणली. “माज्या आबाची काडतुसं बगा! म्या केल्यात!” आबा म्हणाले, “सोन्याची केलीस गं!”

आठ दिवसांनी हाका होता.

पुढच्या वर्षी ती चिंच घेऊन बसली, तेव्हा आबांनी तिच्यासमोरून डबा उचलला. “ह्यांची पूजा नगं आता. बंदुकीची करू.” ती रडली. ज्ञानूच्या मरणाने बापाचं मनच उडालं, असं तिला वाटलं. पुढेही तसंच वाटत राहिलं.

आता उंबराखाली तिला दिसत होतं, की बापाने कधीतरी काडतूस उलटं करून बघितलं असणार, नखाने कड खरवडली असणार. ‘बंदूक उडाली नाही’ एवढं बोलायचा अवकाश, गर्दीतला कोणीतरी लगेच विचारणार होता, का नाही उडाली? काडतुसं कोणाच्या हातात होती? आणि उत्तर अख्ख्या आळीला माहीत होतं. पोरीने स्वतःच घरोघर जाऊन सांगितलं होतं.

*

सोमेश्वरने अहवालात एक ओळ घातली. ‘सातपैकी एका काडतुसाच्या टोपीवर पिनेचा ठसा.’ रतनबाईने ती दोनदा वाचून घेतली.

“त्यांनी चाप वढला व्हता, असं नाव घालून लिवता येईल का?”

“नाव न्हाई घालता येत, मावशी. ठसा कुनाच्या हातचा, ते ठशाला ठाव नसतं.”

परतताना टेम्पोत इंद्रजित म्हणाला, “आत्या, ज्ये झालं त्ये झालं. आता वर धनगरवाड्यावर जाऊन ज्ञानूच्या भावाला, त्या बिरूला कायबी सांगू नगंस. आजा गेला. आता निस्तं तुजंच नाव निघंल. माज्या सोनियाला बगाय पावनं यायचेत म्हैन्याभरात. त्यांच्या कानावर गेलं म्हंजे?”

“काय गेलं? तिच्या आत्याआजीनं तेल लावलं, ह्ये?”

“लोकं तेवढंच धरत्यात.”

“त्ये मला नगं सांगूस,” रतनबाई म्हणाली. “विंझरच्या फुडं मला उतरव.”

“उन्हाचं चढनार हायस? वय किती तुजं?”

“पासष्ट. उतरव.”

*

धनगरवाड्यावर बिरू शेळीच्या खुरातला काटा काढत बसला होता. बिरू म्हणजे ज्ञानूचा धाकटा भाऊ. हाक्याच्या वेळी बारा वर्षांचा होता, आता अडुसष्टचा.

“कोन?”

“भिमाची रतन.”

त्याने वर बघितलं नाही. बस म्हणाला नाही. त्याची सून मोहिनी तांब्या-भांडं ठेवून आत गेली.

“बंदूक दिली म्हनं सरकारात?”

“आजच दिली. त्याचंच सांगाय आले.”

तिने सांगितलं. ठशाचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, ताट कुठे ठेवलं होतं तेही सांगितलं. आडपडदा ठेवला नाही आणि रडलीही नाही. वर चढताना वाटेत दोनदा बसून तिने ते आटपून घेतलं होतं. बिरू काट्याशी खटपट करत राहिला. शेळीने पाय झाडला, त्याने पुन्हा धरला.

“दाकव.”

“काय?”

“त्ये काडतूस.”

“जमा झालं. कागद बी इंद्रजितकडं राहिला.”

“मग खरं कशावरनं?”

“खोटं सांगून माजंच तोंड काळं कशाला करून घिऊ, बिरूदा?”

बिरूने शेळी सोडून दिली. ती तीन पायांवर थोडी चालली, मग चौथा टेकवून बघितला.

“तुजा बा दर साली हितं यायचा. ठाव हाय तुला?”

रतनबाईला ठाऊक नव्हतं.

“दसरा झाला की यायचा. त्या तितं दगडावर बसायचा. आय बोलायची न्हाई. भाकर बी हातात द्यायची न्हाई, दगडावर ठेवायची. त्यो खायचा, कुडाची मेढ बदलायची असली तर बदलायचा, आन् जायचा. आय असेपत्तुर आला.” त्याने बोटं धोतराला पुसली. “एका साली आयनं इचारलं. म्या हितंच व्हतो. म्हनली, भिमा, खरं सांग, बंदूक बिगाडली व्हती का? तसं असंल तर तसं बोल. यंतराला कोन काय करनार? म्या तुला आत घीन. पोटच्या पोराच्या जागी मानीन.”

“मग?”

“त्यो म्हनला, न्हाई वयनी. बंदूक बरी व्हती. हात कापला.”

मोहिनीने दारातून चहाचं विचारलं. बिरूने हातानेच नको म्हटलं.

“म्या थुकलो व्हतो त्याच्यावर,” बिरू म्हणाला. “यष्टीच्या स्टँडवर. पन्नास मानसांत. इशीत व्हतो.”

“त्या दिशी सदरा त्यांनी सोताच धुतला. कुनाला हात लावू दिला न्हाई. का, त्ये आता कळलं.”

बिरू एकदम उठला. आवाज चढला.

“नऊ वर्साचं पोर! आमी काय खाल्लं असतं का तुला? आँ? माजी आय काय वाघीन व्हती? एकदा सांगायचं व्हतं! एकदा!”

याचं उत्तर ज्याच्याकडे होतं त्याला रतनबाईने कधी विचारलं नव्हतं. बिरू कुडाला धरून उभा राहिला, श्वास खाली बसेपर्यंत.

“कुटं जाळला त्याला?”

“नदीला. सगळ्यांना नेत्यात तितंच.”

“म्या आलो न्हवतो.”

“व्हय.”

“सांगावा आला व्हता. मुद्दाम आलो न्हवतो.” त्याने खुंटीवरचं मुंडासं घेतलं. “चल.”

“आत्ता? ऊन तर बगा.”

“मग कवा?”

तो पुढे, ती मागे. उतारावर तो एकदाही थांबला नाही, पण वाट निसरडी आली की काठी मागे करायचा, तिला धरायला. गावात शिरले तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली. बिरू कोणाकडे न बघता सरळ नदीकडे वळला.

पात्रात पाणी पार आक्रसलं होतं. गेल्या पावसाळ्यातल्या पुराने काठ खाऊन टाकला होता, नवी वाळू आणून टाकली होती, मोठे धोंडे जागचे हलवले होते. आबांच्या नंतर गावात आणखी चौघं-पाचजण गेले होते. इथे-तिथे काळे डाग होते, कोणाचे ते सांगणारं कोणी नव्हतं.

“हितं का?” बिरूने काठीने दाखवलं.

रतनबाईने बघितलं. त्या दिवशी ती लांब बायकांत उभी होती. तेव्हा इथे एक धोंडा होता, तो आता नव्हता.

“हितं… न्हाई, जरा तिकडं असंल.” ती चार पावलं गेली, परत आली. “मला न्हाई सांगता येत, बिरूदा. ह्या एवढ्यातच कुटंतरी.”

बिरूने निरगुडीच्या जाळीपासून पाण्याच्या कडेपर्यंत नजर फिरवली. मग वाकला, एक हात गुडघ्यावर ठेवून पायातल्या वहाणा काढल्या, बाजूला नीट जोडीने ठेवल्या. चैत्रातलं ऊन, दगड फुटाण्यासारखे तापलेले. आणि त्या एवढ्याच्या एवढ्या जागेतून, जाळीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून पुन्हा जाळीपर्यंत, तो सावकाश अनवाणी चालत राहिला.